जुन्या गाडीची ग्रिप आणि रबराचं वय

माझ्या पीएचडीचा विषय सोप्या भाषेत सांगायचा तर रबर म्हातारं कसं होतं, हा आहे. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेला. त्याचं एक उत्तर आमच्या बोईसर-पालघर पट्ट्यातच आहे. जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत पुन्हा उभी करणाऱ्यांना विचारा. इंजिन बांधून होतं, टाकीला रंग लागतो, क्रोम होतं आणि काम अडतं कुठे? हँडलच्या ग्रिपवर. ग्रिप बाजारात ढिगाने मिळतात, पण त्या गाडीची आणि त्या सालाची मिळत नाही.

याचं कारण आपल्या मोटरसायकलींच्या इतिहासात आहे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हा इंग्लंडातल्या रेडिचहून आलेले भाग इथे जोडले जात. १९६२ पर्यंत सगळे भाग भारतात बनू लागले. म्हणजे १९५६ ची आणि १९६४ ची बुलेट लांबून सारखी दिसली, तरी मुठीचं रबर एकाच साच्यातलं असेल असं धरून चालता येत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी मूळ चेक बनावटीची, १९७३ पासून ती येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. राजदूतचं मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत. कारखाना बंद झाला की पार्टचा साचा भंगारात जातो, आणि मग स्पेअरवाला "सगळ्यांना बसते" म्हणून एकच ग्रिप पुढे करतो.

बसते हे खरं. ब्रिटिश हँडल पाऊण इंचाहून थोडं जास्त, म्हणजे ७/८ इंच, मिलिमीटरमध्ये २२.२. युरोपातलं २२. एवढा फरक रबर सांभाळून घेतं. घोळ होतो उजव्या बाजूला. तिथे ग्रिप हँडलवर नाही, तर रेसच्या फिरणाऱ्या नळीवर चढते आणि ती नळी जाड असते, साधारण २५ मिलिमीटर. म्हणून दोन्ही बाजूंचं माप व्हर्नियरने वेगवेगळं घ्यायचं. डावी ग्रिप ओढूनताणून उजवीकडे चढवली तर ती लवकर फाटते. उजवीची डावीकडे घातली तर ती हातात फिरते, आणि पावसात हे धोक्याचं आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं आणि टिकाऊ व्हल्कनाइझ्ड रबर मिळालं. वाल्डो सेमनने १९२६ मध्ये पीव्हीसीत मऊ करणारं रसायन मिसळलं आणि लवचीक प्लॅस्टिक आलं. दोन्हींच्या ग्रिप काळ्याच दिसतात, पण म्हाताऱ्या वेगळ्या रीतीने होतात. पीव्हीसीतलं ते रसायन हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे ग्रिप आधी चिकट होते आणि मग कडक. नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन चिरा पाडतो, आणि तेही ताणलेल्या जागीच. ग्रिप हँडलवर घट्ट बसते, म्हणजे ती सतत गोलाईत ताणलेली असते. चीर ताणाला काटकोनात पडते, म्हणून या चिरा हँडलच्या लांबीच्या दिशेने दिसतात. तुमच्या जुन्या ग्रिपवर अशा उभ्या चिरा असतील तर ती रबराची असण्याची शक्यता जास्त. चिकट लागत असेल तर पीव्हीसीचा संशय घ्या.

म्हणजे ती फाटकी ग्रिप हा पुरावा आहे. रेस्टोरेशनमध्ये पहिला बळी तिचाच जातो. ब्लेडने उभी चिरली, फेकली, संपलं. माझी विनंती अशी की कापण्याआधी फोटो काढा, लांबी, नक्षीच्या रेघा आणि कडेच्या गोल कॉलरची जाडी लिहून ठेवा. शक्यतो कापूच नका. कडेतून साबणाचं पाणी सोडा किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा, ग्रिप सुटते. तेल-पेट्रोल नको, त्याने नैसर्गिक रबर फुगतं.

तारापूर एमआयडीसीसारख्या ठिकाणी रबर मोल्डिंग करून घेता येतं. फक्त जुन्या ग्रिपवरून जशाच्या तशा मापाचा साचा काढला तर नवी ग्रिप लहान येते, कारण साच्यातून निघून थंड होताना रबर साधारण दीड-दोन टक्के आकसतं. शिवाय जुनी ग्रिप वर्षानुवर्षं ताणून सैलावलेली असते. दोन्हींचा हिशेब साचा बनवण्याआधी करायचा. एका जोडीसाठी साचा परवडत नाही, तेव्हा त्याच मॉडेलच्या दहा-पंधरा मालकांनी मिळून काम द्यावं.

२०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांची वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. तिथे भर चॅसिस, बॉडी आणि इंजिनावर आहे. ग्रिप चुकीची म्हणून गाडी नापास होणार नाही. पण गाडीवर बसल्यावर माणसाचे हात सतत ज्या वस्तूवर असतात ती हीच. आजोबांच्या तळहाताने झिजवलेली मूठ एका डबीत, अंधारात, थंड जागी ठेवून द्या. ऊन आणि उष्णता लागली नाही तर ती बरीच वर्षं टिकेल, आणि पुढच्या माणसाला माप घ्यायला अस्सल नमुना मिळेल.