राजगडाच्या पायथ्याचे बाळंतपण

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारे मार्गासनी हे गाव राजगडाच्या वाटेवर वसले असून या परिसरातील बाळंतपणाचा इतिहास गडाशी जोडलेला आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा त्यांच्या आई सईबाईंची प्रकृती ढासळल्याने जवळच्या कापूरहोळ येथील धाराऊ गाडे यांना दूधआई, म्हणजे तान्ह्याला अंगावर पाजणारी स्त्री, म्हणून नेमण्यात आले. सईबाईंचा ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावरच अंत झाला. १६७० मध्ये याच गडावर राजाराम पालथे, म्हणजे तोंड खाली करून जन्मले, तेव्हा अपशकुनाच्या शंकेने खिन्न झालेल्यांना शिवाजी महाराजांनी हे मूल दिल्लीची पातशाही पालथी घालील असे सांगितल्याचे सभासद बखर नोंदवते.

बाळ-बाळंतिणीच्या जिवाच्या अशा अनिश्चिततेमुळेच ग्रामीण प्रथांत बाळाच्या प्रगतीचा प्रत्येक टप्पा विधीने बांधला गेला: पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून, सहाव्या रात्री बाळाचे भाग्य लिहिणाऱ्या सटवाईसाठी कोरा कागद व लेखणी ठेवून पूजा होई, बाराव्या दिवशी बारसे आणि पुढे उष्टावण, म्हणजे पहिला घास भरवण्याचा विधी, केला जाई. पावसाळ्यात नद्या-ओढ्यांनी वाट अडवली की अडलेल्या बाळंतिणीचा भरवसा सुईणीवर किंवा डोलीवर असे. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेली १०८ रुग्णवाहिका यांनी दवाखान्यातील प्रसूतीला बळ दिले, मात्र विधी टिकून राहिले.