पळसाची लाख, भंडाऱ्याचं पितळ आणि माझी फसलेली पाटी

आजचा भाग एका चुकीतून आलाय. चूक माझीच, त्यामुळे आधी कबुली.

गोंदियाला आमच्या घरी आजोबांच्या सायकल दुकानाची जुनी पाटी होती. पत्र्याची, पेंटरनं हातानं रंगवलेली. कोपऱ्यात सारस पक्ष्यांची जोडी. (गोंदिया म्हणजे सारसांचा जिल्हा, हे आम्ही कुठेही घुसवतो.) रंग उडायला लागला होता. मी पुण्याहून सुट्टीवर आलो, मोबाईलवर चार रील्स पाहिले आणि इपॉक्सी रेझिनचा किट मागवला. एका बाटलीत रेझिन, दुसऱ्या बाटलीत हार्डनर. मिसळा, ओता, काचेसारखा थर तयार. बीटेक झालेल्या माणसाला यात काय अवघड वाटणार?

महिना जुलैचा होता. बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या दिवशी थरावर पांढुरकी, मेणचट साय आली होती. मधेमधे गोल खड्डे पडले होते, कारण पत्र्यावरचं तेल मी नीट पुसलंच नव्हतं. पाटी तशीच ओसरीवर उन्हात टांगली. दोन उन्हाळ्यांत सारस पिवळे पडले. आजी जवळ येऊन बघून म्हणाली, "हे आता निघल का रे बापा?"

नाही निघत. आणि का निघत नाही, हे शोधता शोधता मी पुन्हा आमच्याच जंगलात येऊन पोचलो.

गोंदिया या नावाबद्दल एक गोष्ट सांगतात, जिल्ह्याच्या सरकारी माहितीतही ती आहे. पूर्वी इथे दाट जंगल होतं आणि गोंड लोक गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख विकायला गावात आणायचे. त्यावरून गोंदिया. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, माल खरा होता. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा इवलासा किडा बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतो. तीच लाख. महाभारतातलं लाक्षागृह याचंच. एक किलो राळेमागे साधारण तीन लाख किडे लागतात असं म्हणतात. आपण रील स्क्रोल करत असतो तेव्हा तिकडे ही मंडळी फांदीवर ओव्हरटाइम करत असतात.

फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, कुटायची, धुवायची. धुताना लाल रंग निघतो. एके काळी युरोपला हा रंगही हवा होता, पण १८५६ नंतर कारखान्यात कृत्रिम रंग बनू लागले आणि लाखेच्या रंगाचा धंदा बसला. उरली राळ. धुतलेली दाणेदार लाख कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून निखाऱ्यांपुढे धरायची आणि पिशवी पिळायची. वितळून बाहेर आलेला गोळा गरम असतानाच कारागीर हात, पायाची बोटं आणि चक्क दात वापरून ताणायचा, पापडाहून पातळ होईपर्यंत. थंड झाला की त्याचे तुकडे. सुतार ज्याला चपडा म्हणतो, तो हाच. स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं फ्रेंच पॉलिश.

लाकडापर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला माहीत नव्हती ती धातूची. १८व्या आणि १९व्या शतकात युरोपातल्या दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, जहाजांवरची मोजमापाची उपकरणं, सगळी पितळेची. पितळ उघडं ठेवलं की काळं पडतं, म्हणून त्यावर लाखेचा पारदर्शक थर द्यायचे. रीत अशी: पितळ घासून लख्ख करायचं, हाताला चटका बसेल इतपत गरम करायचं आणि मऊ ब्रशनं एकदाच ओढायचं. परत ब्रश फिरवला की डाग पडला. सोनेरी झाक हवी असेल तर लाखेच्या द्रावणात केशर नाहीतर हळद! लंडनमधल्या संग्रहालयात चमकणाऱ्या दुर्बिणीवर हळद असू शकते, हे वाचून मी आजीला फोन केला होता. तिला काही विशेष वाटलं नाही.

आणि आपल्याकडे बघा. गोंदिया १ मे १९९९ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांचं शहर. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकाला धातू, दुसऱ्या टोकाला त्यावर चढू शकणारी राळ. १८८०च्या दशकात नागपूरकडून रेल्वे इकडे आली, १९०३ ते १९०५ दरम्यान गोंदिया–जबलपूर नॅरोगेज सुरू झाली आणि जंगलातला माल बाहेर जायचा रस्ता मोकळा झाला. गोंदियात लाखेचे कारखानेही उभे राहिले. त्या काळात ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच असायच्या, म्हणजे जगाचं संगीतसुद्धा किड्याच्या राळेवर वाजत होतं.

मग जगाला लाखेला पर्याय हवा झाला. माल जंगलातून येणारा, पीक कमीजास्त, भाव वरखाली. अमेरिकेत लिओ बेकलँड लाखेचा पर्यायच शोधत होता, त्यातून १९०७ साली बेकेलाइट निघालं. पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, आणि त्याचा शोध सुरू झाला तो लाख टाळण्यासाठी! १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी नवं द्रव्य शोधत होता. त्याच्या हाती इपॉक्सी लागलं. तिकडे अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंग-वार्निशसाठी त्याच वाटेनं निघाला होता. १९४६ साली स्विस कंपनीनं ते 'अरल्डाइट' म्हणून बाजारात दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रेकॉर्डसाठीच्या लाखेवर निर्बंध आले होते, १९४८ला व्हिनाइलची एलपी आली आणि लाखेचं ते मोठं गिऱ्हाईकही हळूहळू गेलं.

आता मुद्दा आजीच्या प्रश्नाचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडून गेलं की थर राहतो. बस्स. उद्या परत स्पिरिट लावा, परत सुटते. इपॉक्सीत मात्र रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक अभिक्रिया होते आणि सगळे रेणू एकमेकांना बांधून एकच जाळं बनतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, लाखेला अनडू आहे, इपॉक्सी म्हणजे बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर केलेला डिलीट. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, आणि पावसाळी हवेत हार्डनर ओलाव्याशी खेळ करतो, तीच माझी मेणचट साय. ते काढणारी रसायनं आहेत, पण ती खालचा ऑइलपेंट आधी खातील.

लाख सर्वगुणसंपन्न आहे असंही नाही हं. पाणी साचलं की तीही पांढरी पडते, गरम कप ठेवला की डाग पडतो. बाहेरच्या पाटीला ती टिकलीच नसती. किचनच्या ओट्यावर किंवा रोज हाताळायच्या वस्तूवर मी आजही इपॉक्सीच वापरेन. पण ज्याची दुसरी प्रत नाही त्यावर नाही. संग्रहालयात काम करणारे लोकही धातूवर शक्यतो पुन्हा काढता येईल असाच थर देतात. १९६०च्या दशकात ब्राँझसाठी खास बनवलेलं इन्क्रालॅक हे अ‍ॅक्रिलिक वार्निश त्यांच्यात चालतं, कारण ते द्रावकानं निघतं.

पाटी आता आतल्या खोलीत आहे, खिडकीपासून लांब. गेल्या दिवाळीत मी भंडाऱ्याची एक जुनी पितळी ताटली घेतली, चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला, ताटली गॅसवर कोमट केली. पहिल्यांदा ब्रश दोनदा फिरवला, डाग पडला. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून टाकला. दुसऱ्यांदाही पडला, तोही पुसला. आजी दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदा हळद टाकायला सांगून ती आत गेली.