पॅरलल कम्प्युटिंग : कॉलेजात शिकवायला अवघड का?

आज अनेक मोबाईलच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर असतात. म्हणजे एकाच वेळी आठ कामं करण्याची सोय. पण इंजिनीअरिंगचा विद्यार्थी पहिल्या वर्षी जो प्रोग्राम लिहितो, तो सहसा एकाच कोअरवर चालतो. बाकीचे सात त्याच्या उपयोगाचे नसतात.

पूर्वी याने फारसं बिघडत नव्हतं. नवा प्रोसेसर आला की जुना प्रोग्राम आपोआप वेगाने पळायचा. पण चिप तापू लागल्या, वेग ४ गीगाहर्ट्झच्या अलीकडेच अडला आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडीने घरगुती कम्प्युटरसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' बांधला, तेव्हा काम वाटून करण्याची ही विद्या महासंगणकवाल्यांपुरती होती. २०१३ च्या एसीएम-आयईईई आदर्श अभ्यासक्रमात ती पदवीसाठी स्वतंत्र विभाग म्हणून आली.

काम वाटणं तसं सोपं. 'ओपनएमपी' वापरलं तर एका ओळीत लूप सगळ्या कोअरवर पसरतो. खरी अडचण पुढे आहे. दोन थ्रेडना एकच आकडा प्रत्येकी एक लाख वेळा एकाने वाढवायला सांगा. उत्तर दोन लाख यायला हवं, पण बऱ्याचदा कमी येतं आणि दर वेळी वेगळं येतं. कारण 'एक वाढव' या कामाच्या तीन पायऱ्या आहेत : आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोघांनी एकदमच ५० वाचलं, तर दोघंही ५१ लिहितात आणि एक वाढ हरवते. याला 'रेस कंडिशन' म्हणतात.

ही चूक वीस वेळा चाचणी घेऊनही दिसेलच असं नाही. थेराक-२५ या किरणोपचार यंत्राकडून १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले गेले, काही जण दगावले. त्यामागच्या कारणांत याच जातीची चूक होती. त्यामुळे हा बिघडलेला प्रोग्राम वर्गात पहिल्याच तासाला चालवून दाखवावा, व्याख्या नंतर सांगाव्यात.

मग विद्यार्थी आकड्याला 'लॉक' लावतात. उत्तर बरोबर येतं, पण प्रोग्राम कधीकधी एका कोअरपेक्षाही मंद होतो. इथे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा उपयोगी पडतो. १० टक्के काम वाटता येत नसेल, तर आठ कोअरवर वेग जास्तीत जास्त ४.७ पट वाढतो. हजार कोअर लावले तरी दहापट गाठत नाही.