अंतकालीन शुश्रूषा व कॅथलिक वैद्यकीय नीती

असाध्य रोग्याच्या अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार करावेत व कोणते थांबवावेत, याविषयी कॅथलिक धर्मसंस्थेने घालून दिलेला आचारधर्म. दयेपोटी केलेले प्राणहरणसुद्धा त्यास सर्वथा अमान्य आहे. तथापि लाभाच्या मानाने क्लेशच अधिक देणारी असाधारण साधने नाकारण्याची मुभा रुग्णास आहे, आणि औषधाने आयुष्य किंचित उणे होण्याचा संभव असला, तरी हेतू केवळ वेदनाशमनाचा असेल तर ते देणे निषिद्ध नव्हे, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केले. हा विवेक अत्यंत मानवी आहे. नळीवाटे दिलेले अन्नपाणी मात्र उपचार नसून साधी शुश्रूषाच होय, असा निर्वाळा दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये दिला. भारतीय कायद्याशी विसंवाद संभवतो तो येथेच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले पूर्वेच्छापत्र, म्हणजे अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत याविषयीची आगाऊ लेखी इच्छा, २०२३ च्या सुधारणेनंतर, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते, व त्या दस्तऐवजात नळीविषयीची इच्छा कॅथलिक रुग्णाने स्पष्ट शब्दांत नमूद करणे इष्ट.

या नीतीचे महाराष्ट्रातील मूर्त रूप म्हणजे कर्करोगशल्यज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे स्थापिलेले शांती आवेदना सदन. भारतातील या पहिल्या अंतकालीन शुश्रूषागृहात कोणत्याही धर्माच्या रुग्णास प्रवेश असून, जखमा धुणे, कूस पालटणे, वेळेवर वेदनाशामक देणे ही कामे धर्मभगिनी करतात.