चिपमधले सूर आणि जॅझचा रंगमंच: व्हिडिओ गेम संगीताच्या संयोजनाचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१. ३ एप्रिल २०२२. लास वेगास येथील ६४व्या ग्रॅमी समारंभात वाद्यसंगीत संयोजनाचा पुरस्कार 'मेटा नाइट्स रिव्हेंज' या रचनेला मिळाला. वादक होते 'द एट-बिट बिग बँड', तर संयोजक चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन. मूळ चाल मात्र १९९६च्या 'कर्बी सुपर स्टार' या व्हिडिओ गेममधील होती. चिपमधील सूर जॅझच्या मंचावर पोहोचले कसे?

२. याचे प्रचलित उत्तर असे : खेळांचे जुने संगीत म्हणजे बाळबोध 'टीं-टीं', पुढे कसलेल्या जॅझवादकांनी त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. हे उत्तर सोयीचे आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. जॅझ या संगीतात बाहेरून आला नाही. तो पहिल्यापासून आत होता. त्याला जागा मात्र अपुरी होती.

३. ती जागा किती अपुरी होती? निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्याच्या ध्वनियंत्रणेत अवघ्या ५ वाहिन्या होत्या : चौकोनी लहरींच्या दोन, त्रिकोणी लहरीची एक, खरखरीची एक आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी एक. त्रिकोणी लहरीचा आवाज कमीजास्त करण्याची सोयही नव्हती.

४. साहजिकच कामांची वाटणी ठरून गेली. चौकोनी लहरींकडे चाल आणि तिची साथ, त्रिकोणी लहरीकडे खर्जाची बाजू आणि खरखरीकडे ड्रमचा ठेका. भरगच्च स्वरसंगती एकत्र वाजवणे अशक्य; म्हणून तिचे स्वर झरझर एकापाठोपाठ वाजवून भास निर्माण केला जाई. दुसऱ्या वाहिनीवर तीच चाल किंचित उशिरा वाजवली की प्रतिध्वनी ऐकू येई.

५. १३ सप्टेंबर १९८५ रोजी 'सुपर मारिओ ब्रदर्स' बाजारात आला. चित्रे, आज्ञावली आणि संगीत मिळून संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा. त्यात कोजी कोंदो यांनी मुख्य चालीला लॅटिन वळणाची डोलणारी लय दिली, तर पाण्याखालच्या टप्प्यासाठी तीन मात्रांचा वॉल्ट्झ योजला. ही बाळबोध कानाची निवड नव्हे.

६. हा कान घडला कुठे? १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये जॅझ, रॉक आणि फंक यांच्या मिश्रणातून 'फ्यूजन' संगीताची लाट उसळली. 'द स्क्वेअर' या बँडचा पहिला अल्बम १९७८चा, 'कॅसिओपिया'चा १९७९चा. गुळगुळीत, लखलखीत, काटेकोर वादन ही त्यांची ओळख. खेळांसाठी संगीत रचणारी तरुण पिढी याच वातावरणात वाढली.

७. १९८६ साली सेगाचा 'आउट रन' हा मोटारीचा खेळ आला. शर्यत सुरू होण्यापूर्वी खेळाडूने गाडीच्या रेडिओवर तीनपैकी एक रचना निवडायची. त्या रचना हिरोशी कावागुची यांच्या. सेगामध्ये ते आज्ञावलीकार म्हणून आले आणि संगीताकडे वळले. यामाहाच्या एफएम चिपमधील ८ वाहिन्यांवर त्यांनी लॅटिन फ्यूजनचा अख्खा बँड उभा केला.

८. पुढचे पाऊल स्वाभाविक होते. १९८८ साली सेगाच्या संगीत विभागातील मंडळींचा 'एस. एस. टी. बँड' आकाराला आला. कावागुची त्यात कीबोर्डवर होते, तर कोइची नामिकी गिटारवर. टाइटो कंपनीचा 'झुंटाटा' हा चमूही पुढे सरसावला. १९९०च्या 'गेम म्युझिक फेस्टिव्हल'मध्ये दोघांनीही श्रोत्यांसमोर वादन केले. चिपसाठी लिहिणारे हातच आता वाद्ये वाजवत होते.

९. वाहतूक दुहेरी होती. 'द स्क्वेअर' हा बँड पुढे 'टी-स्क्वेअर' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे गिटारवादक मासाहिरो आंदो यांनी १९९७च्या 'ग्रान तुरिस्मो' या खेळासाठी संगीत रचले. फ्यूजनने खेळांना चाली दिल्या आणि खेळांनी फ्यूजनच्या वादकांना नवे दालन उघडून दिले.

१०. आता संयोजनाच्या कारागिरीकडे वळू. पहिली अडचण शेवटाची. खेळातील रचना वर्तुळाकार असते. ती संपत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मंचावरील रचनेला आरंभ, चढण आणि समाप्ती लागते. जॅझकडे त्यावर तयार उपाय आहे : आधी मूळ चाल, मग तिच्याच स्वरसंगतीवर उत्स्फूर्त वादन, अखेरीस पुन्हा मूळ चाल. विस्तार करून मुखड्यावर परतणाऱ्या गायकाची ही रीत मराठी श्रोत्यांना परकी वाटू नये.

११. दुसरी अडचण श्वासाची. चिपला दम लागत नाही, सॅक्सोफोनवादकाला लागतो. म्हणून अखंड धावणारी चाल संयोजक वाक्यांत तोडतो आणि विरामाच्या जागा ठरवतो. हे विराम निव्वळ तडजोड नसतात. चाल माणूस वाजवत असल्याची पहिली खूण श्रोत्याला तिथेच पटते.

१२. तिसरी बाब लयीची. स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांबतो, दुसरा आखडतो. लय जलद झाली की हा फरक विरत जातो. संगणकावर घरबसल्या रचना करणाऱ्यांनाही हे ध्यानी घ्यावे लागते. सगळे स्वर यंत्राच्या चौकटीत नेमके बसले तर वादन निर्जीव वाटते. म्हणून काही स्वर किंचित मागेपुढे सरकवले जातात, प्रत्येक आघाताचा जोर वेगळा ठेवला जातो आणि ड्रमवर जेमतेम ऐकू येणारे आघात पेरले जातात.

१३. चौथी बाब स्वरसंगतीची. चिपवर तीन स्वरांत सुचवलेला आशय संयोजक पियानोवर पाच-सहा स्वरांत फुलवतो. प्रमाणभूत बिग बँडमध्ये ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम असे सुमारे १७ वादक असतात. पण मूळ चाल या गर्दीत हरवली, तर ज्या श्रोत्याने ती बालपणी शेकडो वेळा ऐकली, तो क्षणात दुरावतो.

१४. जॅझसाठी हे सारे नवे नव्हते. ब्रॉडवेच्या नाटकांतील गाणी उचलून त्यांना आपले रूप देणे ही त्याची जुनी परंपरा. 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे १९५९च्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतील गाणे. जॉन कोल्ट्रेनने १९६० साली ते ध्वनिमुद्रित केले आणि त्याचा विस्तार १३ मिनिटांपलीकडे नेला. ब्रॉडवेवरच संयोजक म्हणून नावारूपाला आलेल्या रोझेन यांनी खेळांच्या चालींना याच परंपरेत बसवले.

१५. येथे श्रेयाचा प्रश्न उभा राहतो. खेळसंगीताला पहिले ग्रॅमी २०११ साली मिळाले, ते 'सिव्हिलायझेशन ४'मधील 'बाबा येतू'ला आणि तेही संयोजनाच्या विभागात. २०२२चा पुरस्कारही संयोजनाचाच. खेळांच्या मूळ संगीतासाठी स्वतंत्र विभाग २०२३ साली प्रथमच आला. म्हणजे खेळसंगीत ग्रॅमीच्या घरात दोनदा शिरले, पण दोन्ही वेळा संयोजनाच्या दाराने.

१६. 'बाबा येतू'चे संगीतकार आणि संयोजक क्रिस्टोफर टिन हे एकच होते. त्यामुळे तिथे श्रेयाची फाटाफूट झाली नाही. 'मेटा नाइट्स रिव्हेंज'चे तसे नव्हे. 'कर्बी सुपर स्टार'चे संगीत जुन इशिकावा आणि दान मियाकावा यांचे. त्यांच्या पिढीतील कित्येक संगीतकारांची नावे खेळाच्या श्रेयनामावलीत टोपणनावाने येत. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी माणसे पळवू नयेत, हे त्याचे एक कारण. चाल घराघरांत पोहोचली, पण रचनाकार अंधारात राहिला.

१७. एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या मुख्य चालीचा समावेश झाला. तिथे स्थान मिळवणारे व्हिडिओ गेमचे हे पहिलेच संगीत. विशेष म्हणजे जतनासाठी निवडली गेली ती १९८५ची मूळ चिपवरील रचना, वाद्यवृंदाची आवृत्ती नव्हे.

१८. संयोजकाचे मोल यामुळे कमी होत नाही. चिपमध्ये दडपलेली लय मोकळी करणे हे सर्जनशील कामच आहे. परंतु 'उद्धार' हा शब्द येथे चुकीचा ठरतो. संयोजक मूळ रचनेचे वाचन करतो. आणि उत्तम वाचनाची खूण हीच की ते ऐकल्यावर श्रोता मूळ रचनेकडे परततो आणि तिच्या खाली कोणाचे नाव आहे हे शोधू लागतो.

(थ्रेड समाप्त)