शाळेची सिस्टर

शनिवारी दुपारी दीड वाजता मी शाळेच्या मेडिकल रूमला कुलूप लावते, औषधांच्या कपाटाची किल्ली ऑफिसात देते आणि बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाऊनमधल्या घरी येऊन तीन तास झोपते. साडेसहाला हेब्बाळच्या दिशेने निघते. महिन्यातल्या दोन शनिवारी एका हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात माझी नाइट असते. रविवारी सकाळी आठला हँडओव्हर देऊन परत. सोमवारी पुन्हा शाळा, आणि सोमवारचा पहिला तास म्हणजे पोटदुखी. दारात चार जण उभे असतात. “सिस्टर, होट्टे नोवु.”

सांगलीहून बहीण फोनवर विचारते, “अगं, दिवसाची नोकरी मिळाली आहे, पोरांसोबत सुट्ट्या मिळतात, मग रात्री कशाला जागतेस?” तिला एका वाक्यात सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. उत्तर माझ्या घरापासून नाही, आमच्या कामाच्या इतिहासापासून सुरू होतं.

मी मिरजेत शिकले. तिथलं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. आमच्या वर्गात नर्सिंगचा इतिहास पाच-पाच मार्कांच्या प्रश्नांसाठी पाठ करायचा असे: मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात १८८६ साली नर्सिंगची शाळा, १८९१ साली तिथे शिकायला आलेली पहिली भारतीय बाई काशीबाई गणपत, १९०८ साली नर्सेसची अखिल भारतीय संघटना. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, हेही कुणीतरी शिकवलं होतं. सावित्रीबाई फुले मात्र त्या वहीत नव्हत्या. त्या मराठीच्या पुस्तकात होत्या, शिक्षिका म्हणून.

मला ही वाटणी कधीच पटली नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाईंनी सहासष्ट वर्षं पूर्ण केली होती. डॉक्टर झालेल्या त्यांच्या मुलाने, यशवंताने, हडपसरच्या बाजूला, गावाबाहेर दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली बाई शेवटी एका मुलाला दवाखान्यात पोचवताना गेली. शाळा आणि दवाखाना यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातलीच नव्हती. ऑगस्ट १८९८ मध्ये तोच प्लेग रेल्वेने बेंगळुरूत आला. इथे त्याच्या आठवणीला प्लेग मारिअम्माची देवळं आहेत. मी नमस्कार करते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुंढव्याचा तो मुलगा येतो.

शाळेतली नर्स हे स्वतंत्र काम म्हणून नावारूपाला आलं ते न्यूयॉर्कमध्ये, १९०२ साली. त्याआधी तिथे डॉक्टर शाळेत येत, उवा, खरूज, गजकर्ण, डोळ्यांची खुपरी असलेली मुलं शोधत आणि घरी पाठवत. काम तिथेच संपे. औषध कोण लावणार, आईला कोण समजावणार, हे कुणाच्याच कामात नव्हतं, आणि मुलं आठवडेच्या आठवडे रस्त्यावर हिंडत. हेन्री स्ट्रीटवरच्या गरीब वस्तीत घरोघर जाणाऱ्या नर्सेसचं काम लिलियन वॉल्ड चालवत होत्या. त्यांनी आपली एक नर्स, लिना रॉजर्स, महिनाभरासाठी शाळांना उसनी दिली. चार शाळा. लिना शाळेतच मलम लावायची आणि संध्याकाळी त्या मुलांच्या घरी जायची. महिना संपायच्या आत शहराला पटलं, आणखी नर्सेस नेमल्या गेल्या. नंतरच्या एका वर्षात घरी पाठवलेल्या मुलांचा महिन्याचा आकडा दहा हजारांच्या वरून सुमारे अकराशेवर आला.

मला यातला ‘उसनी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. लिना शाळेत आली ती रुग्णांमधून आली, आणि तिच्या पाठीशी रोज आजारी माणसं पाहणाऱ्या नर्सेसचं घर होतं.

आपल्याकडे सुरुवात झाली ती बडोद्यात, आणि त्याचा मला मराठी म्हणून अभिमान आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं शाळेत आणली तर त्यांची तब्येतही पाहिली पाहिजे, हे तिथे लवकर उमगलं असावं. १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ती पहिली, असं सामाजिक आरोग्याच्या आमच्या पाठ्यपुस्तकात, पार्कच्या जाड पुस्तकात, आहे. पण ती तपासणी होती. वजन, डोळे, दात, नोंद. पुढे १९४६ साली भोर समितीने लिहिलं की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. १९६० साली याच प्रश्नावर रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, दुसऱ्या वर्षी अहवाल आला. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही महाराष्ट्रात, पालघरला. त्याच्या गाडीत नर्स असते, पण ती गाडी सरकारी शाळेत वर्षातून एकदा येते. शंभर वर्षं आपण मुलांना तपासत आलो. रोज त्याच शाळेत बसणारी, मुलांना नावाने ओळखणारी नर्स आपल्या व्यवस्थेत फारशी रुजलीच नाही.

येलहंकात ती आली खाजगी शाळांबरोबर. हे गाव बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाच्या घराण्याचं. १६३८ मध्ये बेंगळुरू आदिलशाहीने जिंकलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून मराठी माणूस या भागाला परका नाही. माझे यजमान १९८४ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या चाक कारखान्यात आहेत, म्हणून आम्ही इकडे आलो. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ झाला आणि बळ्ळारी रोडच्या दोन्ही बाजूंनी मोठाल्या शाळा उभ्या राहिल्या. माहितीपत्रकात स्विमिंग पूल, मग मेडिकल रूम. मेडिकल रूम म्हटलं की सिस्टर हवी. आठ वर्षं वॉर्डात काढून, महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन कर्नाटकात बदलून घेऊन, मी अशा एका खोलीत येऊन बसले. सुमारे दीड हजार मुलं आणि मी एकटी.

पहिल्या वर्षी खूप आनंदात होते. गुडघे पुसायचे, नाकातून रक्त आलं तर मान पुढे वाकवून नाकपुड्या दाबायच्या, पडलेला पक्का दात दुधात घालून डेंटिस्टकडे पाठवायचा. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, एअर शोच्या तालमीची विमानं डोक्यावरून जात असताना, पीटीचे सर चौथीतल्या एका मुलाला उचलून घेऊन आले. दम्याचा झटका. ऑक्सिजन एक्क्याण्णव. काय करायचं ते मला सगळं ठाऊक होतं. स्पेसर लावला, पंप दिला. पण सिलिंडरची चावी फिरवायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. वॉर्डात ती चावी मी झोपेतही फिरवली असती. अॅम्ब्युलन्स आली, मूल बरं झालं, आईने हात धरून आभार मानले. मी मात्र त्या रात्री झोपू शकले नाही. त्या काही सेकंदांत माझा हात परका झाला होता.

बेंगळुरूत दमा ही दुर्मीळ गोष्ट नाही. डॉ. एच. परमेश यांनी इथल्या हॉस्पिटलात आलेल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात दम्याचं प्रमाण १९७९ मध्ये ९ टक्के होतं आणि १९९९ मध्ये साडेएकोणतीस. माझ्या कपाटात आज सव्वीस मुलांचे पंप नावानिशी ठेवलेले आहेत. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेली तिघं आहेत. त्यांच्यासाठीचं अॅड्रेनलिन वर्षानुवर्षं लागत नाही, आणि लागेल तेव्हा मांडीत द्यायला मिनिटंच असतात. ज्या गोष्टी शाळेत वर्षातून एकदा होतात, त्या वॉर्डात एका रात्रीत चारदा होतात. हाताला सराव तिथेच मिळतो.

म्हणून मी शनिवार मागितला. प्रिन्सिपल मॅडमनी लेखी परवानगी दिली. हॉस्पिटलच्या मेट्रन आधी म्हणाल्या, “महिन्यातून दोनदा येणारी सिस्टर रोटात कुठे बसवू?” मग त्यांनीच सुट्टीवर जाणाऱ्या मुलींच्या जागी मला बसवलं. नियम मी माझे केले आहेत. शाळेच्या आदल्या रात्री ड्युटी नाही. वॉर्डात कांजिण्यांचं किंवा खरजेचं मूल हाताळलं असेल तर पुढचे काही आठवडे मी स्वतःवर लक्ष ठेवते. वॉर्डाचे कपडे आणि चपला घरात येत नाहीत. आणि मुलांच्या परीक्षांच्या आठवड्यात मी ड्युटी घेत नाही, कारण त्या आठवड्यात मेडिकल रूम भरलेली असते आणि त्यातल्या निम्म्या मुलांना औषधापेक्षा कुणीतरी शांतपणे बसू द्यावं एवढंच हवं असतं.

वॉर्डालाही माझ्याकडून काही मिळतं. चोवीस नंबरची पिवळी कॅन्युला लावताना मूल रडलं की तरुण सिस्टर घाबरतात. मी त्याला विचारते, कितवीत आहेस, तुझ्या टीचरचं नाव काय. शाळेचं नाव निघालं की हात सैल पडतो. ही युक्ती मला शाळेने शिकवली.

बहिणीला मी एवढंच सांगेन की लिना रॉजर्सला पाठीशी जे घर होतं, ते मला दोन शनिवारी स्वतः जाऊन गाठावं लागतं. हे माझ्या हौसेवर सुटू नये. शाळांनी सिस्टरला नेमतानाच महिन्याचे दोन दिवस हॉस्पिटलसाठी लिहून द्यावेत, त्याचा पगार कापू नये, आणि हॉस्पिटलांनी असे हात रोटात घ्यावेत. तुमचं मूल ज्या शाळेत जातं तिथल्या पुढच्या पालकसभेत फीबद्दल आणि बसबद्दल विचाराल, तेव्हा हेही विचारा: आमच्या सिस्टरने वॉर्डात शेवटची ड्युटी कधी केली?