फिट्झजेराल्डचं पत्र

जून १९२६. ‘द सन ऑल्सो रायझेस’ ही कादंबरी पुन्हा लिहून, प्रकाशकाकडे पाठवून झालेली. फ्रान्समध्ये हेमिंग्वे तिची प्रत फिट्झजेराल्डला वाचायला देतो. तो वाचतो आणि लांबलचक पत्र लिहितो: सुरुवात निष्काळजी आहे, छाटा. मित्राला हे सांगायचं म्हणजे मैत्रीच पणाला की हो! हेमिंग्वेनं नुसती छाटणी नाही केली, सुरुवातीची पंधराएक पानं सरळ उडवली. ऑक्टोबरात पुस्तक आलं ते त्यांच्याशिवाय.

पुढे आठवणी लिहिताना हेमिंग्वेचा सूर असा, की बोलणं झालं, पण निर्णय माझेच. ते खोटं नाही. फक्त त्या पत्राचा उल्लेख तिथं नाही. पत्र मात्र टिकलं.